नॅचेझ : कापसाचे शहर आणि तिंबोचा शाहजादा

दक्षिण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विजापूरचा गोलघुमट उभा राहतो, गुलबर्ग्याचा दर्गा आठवतो, हैदराबादचा चारमिनार आठवतो. अमेरिकेतील माणसाला मात्र ‘दक्षिण’ या शब्दाने निराळेच काही दिसते : कापसाचे अफाट मळे, पांढऱ्या खांबांचे वाडे आणि त्या मळ्यांत राबणारे काळे गुलाम. त्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीच्या काठी, नॅचेझ नावाचे एक लहानसे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेचौदा हजारांच्या आसपास भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कोणी शहर म्हणणार नाही.

वाचकहो, आपली मुले आता शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अमेरिकेस जातात. आईवडीलही चार-सहा महिने त्यांच्याकडे राहून येतात, नायगाराचा धबधबा आणि न्यू यॉर्कच्या इमारती पाहून येतात. त्यांपैकी कोणास दोन दिवसांची सवड झाली तर त्यांनी नॅचेझ पाहावे. या गावच्या परिसरात चाळीस वर्षे गुलाम म्हणून राबलेला एक माणूस तिंबक्तूच्या मदरशात शिकलेला होता. त्याची हकीकत शेवटी सविस्तर सांगतो. आधी शहर पाहू.

न्यू ऑर्लिन्सहून मोटारीने सुमारे तीन तासांत येथे पोहोचता येते. उन्हाळा टाळावा, मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. शहर नदीकाठच्या सुमारे दोनशे फूट उंच कड्यावर वसलेले आहे. कड्यावरून पाहिले की खाली मिसिसिपीचे गढूळ, रुंद पात्र आणि पलीकडे लुइझियानाची सपाट जमीन दिसते. सिल्व्हर स्ट्रीट नावाचा उताराचा रस्ता नदीच्या जुन्या धक्क्याकडे जातो. एकेकाळी या धक्क्यावर कापसाच्या गाठी आगबोटींत चढत, आणि माणसेही येथेच उतरवली जात.

या जागेचे मूळ मालक नॅचेझ नावाचे आदिवासी. त्यांच्या मुख्य गावातील मातीचे उंचवटे शहरातच जतन केलेले आहेत व शेजारी लहानसे संग्रहालय आहे. फ्रेंचांनी १७१६ साली येथे किल्ला बांधला. जमिनीवरून तंटे वाढले, १७२९ साली आदिवासींनी उठाव केला, आणि पुढील दोन वर्षांत फ्रेंचांनी त्यांचा मोड केला. पकडलेल्या शेकडो लोकांना कॅरिबियन बेटांत गुलाम म्हणून विकण्यात आले. शहराला नाव त्यांचे राहिले. पुढे इंग्रज आले, मग स्पॅनिश आले, आणि १७९८ मध्ये शहर अमेरिकेच्या ताब्यात गेले.

आता माझे मत विचाराल तर वाडे पाहण्याआधी शहराच्या पूर्वेकडील एक तिठा पाहावा. त्याचे नाव ‘फोर्क्स ऑफ द रोड’. न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल या भागातील सर्वांत मोठा गुलामांचा बाजार येथे भरे. १८३३ साली साथीच्या भीतीने शहराने व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर घातले, तेव्हा त्यांनी हद्दीला लागूनच या तिठ्यावर बस्तान बसवले. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून साखळदंडांत चालवत आणलेली माणसे येथे नवे कपडे घालून रांगेत उभी केली जात. उत्तरेच्या सैन्याने १८६३ मध्ये शहर घेतले आणि त्यानंतर हे कोंडवाडे मोडून त्यांच्या लाकडांतून बराकी उभारल्या. आज तिथे इमारत नाही. थोडे गवत, माहितीचे फलक आणि काँक्रीटमध्ये बसवलेल्या बेड्या, एवढेच आहे. पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. परंतु येथे उभे राहून मग वाडे पाहिले म्हणजे वाड्यांचा हिशेब लागतो.

आणि वाडे खरोखरच देखणे आहेत. युद्धात १८६२ साली शहराने न लढता शरणागती पत्करली, त्यामुळे ते शाबूत राहिले. कापसाचा दलाल फ्रेडरिक स्टॅन्टन याचा वाडा १८५७ साली पुरा झाला व त्याने शहराचा एक अख्खा चौक व्यापला आहे. बिचारा मालक त्यात दोन वर्षेही राहिला नाही, १८५९ च्या आरंभीच वारला. ‘मेलरोज’ नावाचा वाडा सरकारी राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. त्याच्या भोजनगृहात मेजावर छतापासून टांगलेला भला मोठा लाकडी पंखा आहे. दोरी ओढून तो हलवीत. तिथले वाटाडे त्याला ‘पंखा’च म्हणतात, कारण शब्द आणि वस्तू दोन्ही हिंदुस्थानातून इंग्रजांमार्फत तिकडे गेल्या. आपल्या जुन्या कचेऱ्यांतील पंखेवाला निदान पगारी नोकर होता. मेलरोजमध्ये दोरी ओढणारा घरचा गुलाम असे.

सर्वांत विलक्षण वाडा म्हणजे ‘लाँगवुड’. आठ कोनांचा, सहा मजल्यांचा, आणि माथ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट. फिलाडेल्फियाचा वास्तुकार सॅम्युएल स्लोन याने ‘पौर्वात्य’ थाटाची ही इमारत हॅलर नट या मळेवाल्यासाठी १८६० मध्ये सुरू केली. दुसऱ्याच वर्षी यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडील कारागीर काम टाकून घरी गेले. बत्तीस खोल्यांपैकी तळमजल्याच्या नऊच पुऱ्या झाल्या. नट १८६४ साली वारला. कुटुंब पुढे तळमजल्यातच राहिले. वर गेलात तर उघड्या विटा, उघडी तुळई आणि मधोमध घुमटापर्यंतची पोकळी दिसते. ज्यांनी विजापूर पाहिले आहे त्यांना त्या घुमटाचे कौतुक वाटणार नाही, पण बारा कमानीचे अपुरे काम मात्र आठवेल.

या अपुऱ्या वाड्याचा आपल्याशी एक धागा आहे. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस लिव्हरपूलला पोहोचेना, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा जुगार माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बॅक बेच्या कंपन्या कोसळून कित्येक घराणी बुडाली. नॅचेझचा मळेवाला ज्या वर्षी बसला त्याच वर्षी मुंबईचा दलाल उठला, आणि चार वर्षांत तोही बसला.

हे वाडे १९३२ पासून दर वसंतात प्रवाशांसाठी उघडतात. घेरदार झगे घातलेल्या बायका पाहुण्यांना दिवाणखाने दाखवतात. कित्येक वर्षे या दर्शनात चांदीची भांडी, पडदे आणि पूर्वजांची चित्रे एवढेच होते. घर कोणी बांधले आणि कोणाच्या घामावर चालले याचा उल्लेख टाळला जाई. आज शहरात निम्म्याहून अधिक वस्ती काळ्या लोकांची आहे, आणि आता ही बाजूही सांगितली जाऊ लागली आहे. तिठ्याची जागा राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आली ती मात्र २०२१ मध्ये. स्टेट स्ट्रीटवरील विल्यम जॉन्सन या न्हाव्याचे घरही पाहावे. तो गुलाम म्हणून जन्मला, १८२० साली मुक्त झाला, आणि १८३५ पासून १८५१ मध्ये खून होईपर्यंत रोजनिशी लिहीत राहिला. ती १९५१ साली प्रसिद्ध झाली. आणि वाचणाऱ्यास धक्का बसतो तो असा, की या मुक्त झालेल्या माणसाने स्वतःही गुलाम बाळगले होते.

आता त्या शाहजाद्याकडे येऊ.

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या गिनी देशात, फुता जालोन नावाचे मुसलमानी राज्य होते. राजधानी तिंबो. तेथील अलमामी, म्हणजे राज्यकर्ता, इब्राहिम सोरी. त्याचा मुलगा अब्दुर रहमान १७६२ च्या सुमारास जन्मला, तिंबक्तूस शिकला आणि बापाच्या फौजेत सरदार झाला. १७८८ साली एका मोहिमेवरून परतताना शत्रूने त्याला गाठले आणि गँबिया नदीवर इंग्रज व्यापाऱ्यांना विकले. डोमिनिका बेट, न्यू ऑर्लिन्स आणि तेथून नॅचेझ असा त्याचा प्रवास झाला. टॉमस फॉस्टर नावाच्या शेतकऱ्याने त्याला विकत घेतले. आपले वडील सोने देऊन आपल्याला सोडवतील, असे त्याने परोपरीने सांगितले. फॉस्टरने ऐकले नाही. थट्टेने ‘प्रिन्स’ हे नाव तेवढे ठेवले. तो रानात पळाला, काही आठवड्यांनी परत आला. पुढे इझाबेला नावाच्या गुलाम स्त्रीशी त्याचा विवाह झाला, नऊ मुले झाली, आणि मळ्याचा कारभार तो इतका चोख पाहू लागला की फॉस्टरला तो सोडवेना.

१८०७ साली जवळच्या वॉशिंग्टन खेड्याच्या बाजारात तो रताळी विकत होता. डॉ. जॉन कॉक्स नावाच्या आयरिश गृहस्थाने त्याला पाहिले आणि ओळखले. पंचवीसेक वर्षांपूर्वी हा जहाजाचा डॉक्टर आफ्रिकेत वाट चुकून आजारी पडला होता, आणि तिंबोच्या राजाने त्याला सहा महिने आपल्याजवळ ठेवून घेतले होते! डॉक्टरने ते उपकार स्मरून त्याला विकत घेण्याची खटपट केली. फॉस्टरने नकार दिला. डॉक्टर १८१६ मध्ये वारला, अब्दुर रहमान मळ्यातच राहिला.

शेवटी १८२६ मध्ये त्याने अरबीत एक पत्र लिहिले. नॅचेझचा वर्तमानपत्रवाला अँड्र्यू मार्शाल्क याने ते वॉशिंग्टन शहरी पाठवले, आणि अरबी लिहिणारा माणूस मोरोक्कोचाच असणार असे समजून तसे कळवले. मोरोक्को ते तिंबो हे अंतर मुंबई ते कन्याकुमारी याहून जास्त, पण चूक उपयोगी पडली. मोरोक्कोच्या सुलतानाने त्याच्या सुटकेत लक्ष घातले. परराष्ट्रमंत्री हेन्री क्ले आणि अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांना सुलतानाची मर्जी सांभाळायची होती. १८२८ मध्ये फॉस्टरने त्याला मोबदला न घेता सोडले. अट एकच, त्याने देश सोडून जावे. इझाबेलाची किंमत दोनशे डॉलर ठरली आणि ती नॅचेझच्या नागरिकांनी वर्गणी करून भरली.

मुले मागे राहिली. त्यांची किंमत उभी करण्यासाठी छासष्ट वर्षांचा हा माणूस उत्तरेतील शहरांत सभा घेत हिंडला. लोक त्याला अरबी अक्षरे लिहून दाखवायला सांगत. फिलाडेल्फियात जपून ठेवलेल्या एका कागदावर इंग्रजी शेरा आहे की ही ख्रिस्ती लोकांची प्रार्थना होय. वर अरबीत जे लिहिले आहे ते सूरह फातिहा आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जो कोणी मकतबात चार इयत्ता गेला असेल त्याला तो कागद वाचता येईल.

फेब्रुवारी १८२९ मध्ये नवराबायको जहाजाने लायबेरियास निघाली. तेथून तिंबो काहीशे मैलांवर होते. पण तापाने गाठले आणि ६ जुलै १८२९ रोजी मनरोव्हिया येथे अब्दुर रहमानचे निधन झाले. त्याच वर्षी फॉस्टरही वारला. जमलेल्या पैशांतून दोन मुलगे व त्यांची मुलेबाळे सोडवली गेली आणि १८३० मध्ये ती आईकडे लायबेरियात पोहोचली. बाकीची मुले आणि नातवंडे फॉस्टरच्या वारसांत वाटली गेली व मिसिसिपीतच राहिली.