पाव, भाकर आणि मुलांचे हात

भोपाळहून दक्षिणेस, नर्मदेच्या दिशेने निघाले म्हणजे मिसरोद लागते. एके काळचे हे गाव आज शहरात सामावले आहे; परंतु भोवतालचा मुलूख गव्हाचा, आणि बाटी भाजण्याची रीतही या मुलखात जुनी. भरड कणीक तूप-मीठ घालून घट्ट मळावी, गोळे वळावे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजावे, की बाटी होते. गोळे आधी पाण्यात उकडून घेतले, तर त्यांनाच बाफले म्हणतात. या कामातून लहान मुलांना कोणी दूर लोटीत नाही. आई मोठे गोळे वळते, मुले लिंबाएवढे वळतात; विस्तवापाशी मात्र वडीलधारे माणूस बसते. राख झटकली म्हणजे आपली बाटी कोणती, हे मुले बरोबर ओळखतात.

निखाऱ्यावर भाजलेली कणीक जर इतकी घरची, तर भट्टीत भाजलेला पाव मराठी माणसास इतका काळ परका का वाटला? उत्तरासाठी गव्हाचा मुलूख सोडून भाताच्या किनाऱ्यावर उतरावे लागते.

1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि 1534 च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली. पावाची सवय त्यांनी बरोबर आणली. गहू मात्र किनाऱ्यावर पिकत नव्हता. पीठ फुगविण्यास माडाची सूर उपयोगी पडली. माडावरून उतरविलेली सूर काही तासांत आपोआप आंबते. ती पिठात मिसळली म्हणजे पीठ वर येते. पाव हे नाव पोर्तुगीज भाषेतले. पण त्यास फुगविले ते कोकणच्या माडाने.

परंतु पावाला भट्टी लागते आणि भट्टीला लाकूडफाटा. त्यामुळे हे काम घरात न राहता पोदेराकडे गेले. पाव रात्री मळला जाई, पहाटे भाजला जाई आणि मुले जागी होईपर्यंत टोपलीतून दारी येई. मळणारे हात कोणास दिसत नसत. आणि जे दिसत नाही, त्याविषयी मनुष्याची कल्पना धावू लागते. पीठ पायांनी तुडवितात म्हणून तो पाव, अशी व्युत्पत्ती लोकांनी लाविली. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले गाव बाटले, अशा कथा वसईकडे व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कथांतून जी भीती बोलते, ती खोटी नव्हती. स्वतःच्या घराचे दार कायमचे बंद होण्यास एक घास पुरत असे.

ही भीती मोडण्यासाठी सुधारकांनी पावच हाती घेतला. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी 1849 साली मुंबईत परमहंस सभा स्थापिली. जातिभेद न मानण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या नव्या सभासदास ख्रिस्ती माणसाने केलेल्या पावाचा तुकडा खावा लागे व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. हे सारे गुप्तपणे चाले. 1860 च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. पुढे 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. त्या प्रकरणात न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकविता आला नाही.

मुंबई-वसईकडील ख्रिस्ती घरांत मात्र आंबलेल्या पिठाचा एक प्रकार घरचाच राहिला. तो म्हणजे सणावारी व लग्नकार्यात होणारे फुगे. मैदा, अंडी व नारळाचे दूध एकत्र करून ते ताडीने किंवा खमिराने आंबवितात. मग मुठीतून पिळून निघालेला एकेक गोळा तापल्या तेलात सोडतात. येथे भट्टी नाही, म्हणून सारे काम मुलांच्या डोळ्यांसमोर होते. झाकलेले पातेले पुनःपुन्हा उघडून पाहणारे मूल आणि त्यास थांब म्हणणारी आजी, हा त्या सणाचाच एक भाग होय. आणि याच ख्रिस्ती लोकांच्या मराठी प्रार्थनेत रोजच्या अन्नासाठी पाव हा शब्द नाही, तर भाकर हा आहे.

आंबणे हे सजीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चरने 1857 पासूनच्या आपल्या संशोधनात दाखवून दिले. आज तेच खमीर कोरड्या दाण्यांच्या रूपात दुकानात मिळते, आणि लहानशा ओव्हनमध्ये घरी पाव होतो. बाटी वळणारी मुले पावाचे पीठही मळू शकतात. पाण्याची ऊब बोटाने पाहावी, पीठ झाकून ठेवावे, ते दुप्पट होईपर्यंत धीर धरावा. मळणारे हात कोणाचे, असा प्रश्न तेथे उरत नाही. ते त्यांचेच असतात. पाव निवाला म्हणजे एक तुकडा शेजारच्या घरी पाठवावा. असाच तुकडा दादोबांच्या सोबत्यांना दार लावून खावा लागला होता, हे मुलांना त्याच वेळी सांगावे.