जवारी आणि चहा

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, लावताना आधी दमतो तो कान. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पाठीवर कानस फिरवायची, तार छेडायची, तारेखालचं सूत केसभर सरकवायचं, पुन्हा छेडायची. तासाभराने आस कुठली न् खरखर कुठली, कळेनासं होतं. परवा चिडून दोन हात जास्त मारले. वाटलं, घोडी गेली!

ज्यांच्याकडे शिकलो ते मिरजेचे चाचा अशा वेळी कानस काढूनच घेत. ‘‘जा, दर्ग्यापर्यंत जाऊन ये. येताना चहा सांग.’’

मिरजेतला हा वाद्यं घडवण्याचा धंदा मुळात शिकलगारांचा. तलवारींना धार लावणारी ही माणसं. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं हाती घेतली. हात तोच, पण पात्याची धार अंगठ्याला कळते. जवारी कानालाच, आणि कान भलता नाजूक.

दर्गा ख्वाजा मीरासाहेबांचा. 1937 साली वारलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर तिथेच आहे. मी नुसता बसायचो, कबुतरं बघत.

परवाही घराबाहेर पडलो, टपरीवर चहा घेतला. परत येऊन तार छेडली. घोडी शाबूत होती. सूतच सरकलं होतं.