स्थलांतराच्या नोंदी व कारणांची नावे : कुही तालुक्याच्या संदर्भात

माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी गेला, एवढी नोंद इतिहासाच्या अभ्यासकास अपुरी पडते. तो का गेला, हे त्या नोंदीस जोडले गेले की आकड्यास अर्थ येतो. मोबाईलमधून मिळणाऱ्या हालचालींच्या नोंदींना 'घर', 'कामाचे ठिकाण' अशी नावे देण्याचे काम आज संगणकतज्ज्ञ करतात. भारतीय जनगणनेने हेच काम प्रश्नावलीच्या आधारे कित्येक दशकांपूर्वी हाती घेतले. प्रस्तुत लेखात त्या नावांचा इतिहास व कुही तालुक्याच्या संदर्भात त्यांची मर्यादा तपासली आहे.

ब्रिटिशकालीन जनगणनेत केवळ जन्मस्थान विचारले जाई. रॅव्हेनस्टाइन याने १८८५ साली स्थलांतराचे नियम मांडले, तेही इंग्लंडमधील जन्मस्थानाच्या कोष्टकांवरूनच; कारणे त्याने अनुमानाने जोडली. भारतात १९६१ मध्ये वास्तव्याचा कालावधी, तर १९७१ मध्ये पूर्वीचे वास्तव्यस्थान विचारण्यात आले. स्थलांतराचे कारण प्रथम १९८१ मध्ये नोंदले गेले : नोकरी, शिक्षण, कुटुंबाचे स्थलांतर, विवाह व इतर. १९९१ मध्ये व्यवसाय आणि दुष्काळ, पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्ती या कारणांची भर पडली. २००१ मध्ये आपत्तीचे कारण वगळले गेले. धरणामुळे गाव सोडणाऱ्यांसाठी स्वतंत्र नाव यांपैकी एकाही यादीत नव्हते.

कुही तालुक्याच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. त्याच्या बुडीत क्षेत्रात भंडारा जिल्ह्याबरोबर या तालुक्यातील नदीकाठही आला. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधु'शी परंपरेने जोडले गेलेले अंभोरा याच काठावर आहे. येथून उठलेल्या कुटुंबप्रमुखाची नोंद 'इतर' मध्ये आणि त्याच्या मुलांची 'कुटुंबासोबत' या सदरात होणार. नवे गावठाण त्याच महसुली गावाच्या हद्दीत वसले असेल, तर जनगणनेच्या व्याख्येनुसार स्थलांतर झालेच नाही, कारण तेथे गाव बदलणे हीच कसोटी आहे.

महसूल खात्याची परिभाषा मात्र वेगळी. १९७६ च्या राज्य कायद्याने विस्थापितांचा विचार केला. १९८६ व १९९९ च्या कायद्यांनी 'प्रकल्पबाधित' ही अधिक व्यापक संज्ञा स्वीकारली. बोलीत रूढ झाला तो 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द. या संज्ञेवर मोबदला व पुनर्वसन अवलंबून असल्याने ती घरोघरी ठाऊक आहे. परंतु ती भूसंपादनाच्या कागदांत राहिली, जनगणनेच्या कोष्टकांत आली नाही. त्यामुळे केवळ कोष्टकांवरून या तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्यास धरण दिसणारच नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील ४५ कोटींहून अधिक व्यक्ती स्थलांतरित ठरल्या. त्यांतील स्त्रियांच्या नावापुढे बहुतांशी 'विवाह' हेच कारण आहे. बुडीत गावात सून म्हणून आलेली आणि पुढे त्याच गावाच्या हद्दीतील नव्या गावठाणात गेलेली स्त्री दोनदा घर सोडते. तिच्या नोंदीत मात्र विवाहाचेच स्थलांतर उरते.