नदी नसलेल्या माशाची कुळकथा

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपण म्हणत आलो. फ्लॉवरहॉर्न या माशाला नदीच नाही, तेव्हा कूळ विचारण्यावाचून गत्यंतर नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत उभं राहिलं, तरी कुठल्या ना कुठल्या काचेच्या पेटीत हा मासा एकटा दिसतो. लालभडक अंग, कुशीवर काळ्या ठिपक्यांची रांग, खवल्यांवर मोत्यासारखी चमक आणि कपाळावर मोठा गोल उंचवटा. हा मासा घरात भरभराट आणतो, असं सांगून तो विकला जातो. जगातल्या कुठल्याही नदीत वा तळ्यात तो मुळात जन्मलेला नाही. 1990 च्या दशकात मलेशियातल्या मत्स्यपालकांनी तो घडवला. ज्यांच्यापासून तो घडवला ते पूर्वज मात्र अस्सल नद्या-सरोवरांतले आहेत आणि त्यांच्या सगळ्या सवयी या माशाच्या अंगात भिनलेल्या आहेत.

सिक्लिड हे या माशांचं कुटुंब. आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि दक्षिण भारत असा त्याचा पसारा. गोव्यात काळुंदर आणि केरळात करिमीन म्हणून जो मासा ताटात येतो, तोही सिक्लिडच. 1790 मध्ये ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं आणि सुरत शहराचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात जाऊन बसलं. या कुटुंबाची एक खूण तोंडात दिसत नाही, घशात असते. तिथे जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढचा जबडा भक्ष्य पकडतो आणि मागचा ते चिरडतो. दुसरी खूण आईबापपणाची. अंडी घालून निघून जाणं या कुटुंबाला माहीत नाही.

फ्लॉवरहॉर्नचे मुख्य पूर्वज मध्य अमेरिकेतले. मेक्सिकोपासून एल साल्वादोरपर्यंत पॅसिफिककडे वाहणाऱ्या नद्यांत ट्रायमॅक नावाचा दांडगा मासा राहतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट गुंथर यांनी 1867 मध्ये त्याचं वर्णन केलं. फ्लॉवरहॉर्नच्या कुशीवरची काळी रांग आणि लालसर डोळे ही प्रामुख्यानं त्याची देणगी. दुसरा पूर्वज निकाराग्वाचा मिडास. त्याचंही वर्णन गुंथर यांचंच, 1864 चं. तिसरा ग्वाटेमालाच्या पेतेन भागातला सिनस्पिलम, लालसर डोक्याचा आणि अनेकरंगी. या तिघांखेरीज तैवानमध्ये 1980 च्या दशकात तयार झालेला ब्लड पॅरट हा संकरही पुढच्या काही वाणांत मिसळला. त्याचं तोंड नीट मिटत नाही आणि बहुतेक नर वांझ असतात. त्याच्या माद्या मात्र प्रजननक्षम असल्यानं त्या संकराच्या कामी आल्या.

या मंडळींत मिडासची गोष्ट सर्वांत भरीव. सगळे मिडास लहानपणी राखाडी असतात. वाढता वाढता त्यातल्या थोड्यांचा काळा रंग झडतो आणि आतून सोनेरी-केशरी अंग बाहेर येतं. बर्कली विद्यापीठातले संशोधक जॉर्ज बार्लो यांनी या माशांवर अनेक वर्षं काम केलं. एकाच मापाचे दोन मासे समोरासमोर आले, तर सोनेरी मासा राखाडी माशावर वरचढ ठरतो, असं त्यांना आढळलं. फ्लॉवरहॉर्नचे काही वाण असेच मध्येच रंग टाकतात. काळा रंग ठिगळाठिगळानं उतरतो आणि पिवळाजर्द मासा उरतो. घाबरलेला मालक औषध शोधत दुकानात धावतो, तेव्हा त्या पेटीत निकाराग्वाचा जुना वारसा उघड होत असतो.

कपाळाचा उंचवटाही तिथलाच. निकाराग्वाच्या सरोवरांत मिडास नराच्या कपाळावर तो जोडी जमण्याच्या काळात फुगतो आणि वीण आटोपली की ओसरतो. हे संप्रेरकांचं काम आहे, हे 1970 च्या दशकातच प्रयोगांनी दाखवलं. म्हणजे निसर्गात हा उंचवटा हंगामी. पेटीत वाढलेल्या नरांत तो कायमचा राहू लागला. मलेशियातल्या मत्स्यपालकांनी नेमके तेच नर पिढ्यान् पिढ्या निवडले आणि जे लक्षण वर्षातून काही दिवस दिसायचं, ते कायमचं चिन्ह होऊन बसलं.

इतक्या वेगवेगळ्या माशांची वीण एकमेकांत जमते कशी? कारण या कुटुंबातल्या पुष्कळ जाती अजून तरुण आहेत. निकाराग्वाचं आपोयो हे ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं सरोवर 23,000 वर्षांहून जुनं नाही. तरी त्यात मिडासपासून बाणासारख्या सडपातळ अंगाची एक वेगळी जात निर्माण झाली. 2006 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार त्याला 10,000 वर्षांहूनही कमी काळ लागला. ज्या कुळात जाती इतक्या झपाट्यानं फुटतात, तिथे त्यांच्यामधल्या भिंती फार उंच झालेल्या नसतात. नदीनं आणि अंतरानं ज्यांना वेगळं ठेवलं होतं, त्यांना पेटीनं एकत्र आणलं.

पुढचं काम बाजारानं केलं. 'लुओ हान' या बौद्ध अर्हतांच्या नावानं हा मासा मलेशिया आणि सिंगापूरमध्ये विकला गेला. कुशीवरच्या काळ्या ठिपक्यांत लोक चिनी अक्षरं वाचत, आकडे शोधत आणि त्या आकड्यांवर लॉटरी लावत. ब्रीडर आपल्या जोड्या गुपित ठेवत. कामफा, झेन झू अशी वाणांची नावं रूढ झाली. 2000 नंतरची दोन-तीन वर्षं हे वेड शिगेला होतं, मग भाव कोसळले. नको झालेले मासे मलेशियाच्या नद्यांत आणि सिंगापूरच्या जलाशयांत सोडले गेले. निवडीची सूत्रं पुढे मुख्यतः थायलंडकडे गेली. भारतात हा मासा फेंगशुईच्या लाटेबरोबर आला आणि आपल्याकडे वास्तुशास्त्राशी जोडला गेला.

मला या माशात सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचं घर मांडणं. नर-मादी एका पेटीत थेट सोडली, तर नर मादीला मारून टाकू शकतो. म्हणून मध्ये जाळीची आडभिंत घालतात. दोघं एकमेकांना पाहतात, जाळीजवळ शेपट्या थरथरवतात. मादीची अंडी घालायची नळी जाड आणि बोथट दिसू लागली की वेळ जवळ आली. सपाट दगड किंवा फरशीचा तुकडा दोघं तोंडानं घासून स्वच्छ करतात. मादी पोट टेकवत ओळीनं अंडी चिकटवत जाते, नर तिच्या मागोमाग फिरतो. काही शे ते हजाराहून अधिक अंडी होतात. 28 अंशांच्या आसपासच्या पाण्यात ती सुमारे तीन दिवसांत फुटतात. तोवर मादी कल्ल्यांजवळचे पर हलवून त्यांच्यावर सतत ताजं पाणी खेळवते आणि बुरशी लागून पांढरी पडलेली अंडी निवडून काढते. अंडी फुटल्यावर पिल्लं आणखी चार-पाच दिवस पोटातल्या बलकावर जगतात. मग ती पोहू लागतात आणि त्यांना ताजा आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जिवंत जीव, खायला द्यावा लागतो.

मिडासची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टोचून खातात. बार्लो यांनी 1967 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर हेच वर्तन केशरी क्रोमाइडच्या पिल्लांत नोंदवलं. हा छोटा सिक्लिड भारत-श्रीलंकेतला, काळुंदरचा नातलग. दोन खंडांतल्या दोन माशांची पिल्लं आईबापांच्या अंगावर वाढतात. कुळाची ओळख रंगापेक्षा अशा वागण्यातून जास्त पटते.

इथेच निवडीची किंमतही कळते. मोठ्या उंचवट्याचे पुष्कळ नर, विशेषतः कामफा वाणातले, वांझ निघतात. मादी अंडी घालते, राखते, वारा घालते आणि दोन दिवसांत सगळा दगड पांढरा पडतो. लक्षण टिकवण्याच्या नादात वंश चालवण्याची ताकद हरवली. म्हणून ब्रीडरला ट्रायमॅकसारख्या मूळ जातीकडे किंवा प्रजननक्षम वाणाकडे पुन्हा पुन्हा वळावं लागतं. ज्या नद्यांत ते पूर्वज राहतात, त्या नद्या टिकणं ही या हौसेचीही गरज आहे.

घरी हा मासा ठेवायचा असेल, तर त्याला हे सगळं कूळ लागू होतं. तो फूटभर वाढतो आणि दहा-बारा वर्षं जगू शकतो. एकट्या माशाला निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद व तितकीच उंच पेटी हवी, म्हणजे सुमारे 250 लिटर पाणी. तो खातो भरपूर आणि घाणही तशीच करतो. तेव्हा दणकट फिल्टर आणि दर आठवड्याला निदान चौथा हिस्सा पाणी बदलणं चुकत नाही. नळाचं पाणी क्लोरीन घालवूनच घालावं. सोबतीला दुसरा मासा बहुधा टिकत नाही.

आणि कंटाळा आला, तरी तो तलावात वा नदीत सोडू नये. सिंगापूर-मलेशियात सोडलेल्या माशांनी काय होतं ते दाखवलं आहे, आणि ऑस्ट्रेलियात तर त्याच्या आयातीला परवानगीच नाही. 1952 मध्ये देशात आणलेला तिलापिया हा दुसरा परका सिक्लिड आपल्या नद्यांत आधीच मुक्काम ठोकून आहे. फ्लॉवरहॉर्न माणसानं घडवला आहे, तेव्हा त्याचं अख्खं आयुष्य माणसाच्याच पदरी आहे. दहा वर्षं पाणी बदलण्याची तयारी असेल, तरच तो घरी आणावा. नशीब पालटेल म्हणून आणू नये.