ट्वाइन (सॉफ्टवेअर)

ट्वाइन हे परस्परसंवादी कथा, म्हणजेच वाचकाच्या निवडीनुसार पुढे सरकणाऱ्या कथा, आणि मजकूर-आधारित संगणकीय खेळ तयार करण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकी प्रोग्रामर क्रिस क्लिमस यांनी ते २००९ मध्ये प्रसिद्ध केले. साधा खेळ तयार करण्यासाठी प्रोग्रामिंगचे ज्ञान आवश्यक नसल्यामुळे खेळनिर्मितीला प्रारंभ करणारे लेखक व विद्यार्थी यांच्यासाठी ते सोयीचे मानले जाते.

इतिहास

ट्वाइनची पहिली आवृत्ती पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली होती. पुढे क्लिमस यांनी वेब तंत्रज्ञानाच्या आधारे सॉफ्टवेअरची नव्याने रचना केली. ही ‘ट्वाइन २’ आवृत्ती ब्राउझरमध्ये थेट चालते. विंडोज, मॅकओएस व लिनक्स या प्रणालींसाठी ती स्वतंत्रपणेही उतरवून घेता येते. अ‍ॅना अँथ्रोपी यांनी २०१२ मधील ‘राइज ऑफ द व्हिडिओगेम झिनस्टर्स’ या पुस्तकात खेळनिर्मिती मोठ्या कंपन्यांपुरती मर्यादित राहू नये अशी भूमिका मांडली. त्याच सुमारास स्वतंत्र निर्मात्यांमध्ये ट्वाइनचा प्रसार झाला.

कार्यपद्धती

ट्वाइनमधील कथा ‘पॅसेज’ नावाच्या तुकड्यांची बनलेली असते. प्रत्येक पॅसेज पडद्यावर चौकोनाच्या रूपात दिसतो व त्यांना जोडणारे बाण कथेचा नकाशा दाखवतात. मजकुरात [[दार उघडा]] असे दुहेरी चौकटी कंसांत लिहिल्यास त्या नावाचा नवा पॅसेज आपोआप तयार होतो आणि वाचकाला ते शब्द दुव्याच्या रूपात दिसतात. एवढ्या एका नियमावर अनेक फाटे असलेली संपूर्ण कथा रचता येते.

वाचकाने आधी काय निवडले हे लक्षात ठेवणे, गुण मोजणे किंवा अटीनुसार मजकूर बदलणे यांसाठी चल व आज्ञा वापराव्या लागतात. त्यांची लेखनपद्धती निवडलेल्या ‘कथास्वरूपा’वर अवलंबून असते. हार्लो, शुगरक्यूब, स्नोमॅन व चॅपबुक ही प्रमुख कथास्वरूपे होत. एका कथास्वरूपातील आज्ञा दुसऱ्यात जशाच्या तशा चालत नसल्याने ही निवड सुरुवातीलाच करणे इष्ट ठरते. पूर्ण झालेली कथा एकाच एचटीएमएल फाइलच्या रूपात मिळते व कोणत्याही आधुनिक ब्राउझरमध्ये उघडते.

इतर साधनांशी तुलना

नवशिक्याने कोणते साधन निवडावे हे खेळाच्या स्वरूपावर अवलंबून असते. खेळाडूने आज्ञा टंकित करून खेळायच्या कथांसाठी ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘इन्फॉर्म’ ही प्रणाली वापरली जाते. चित्रे, पात्रे व संवाद यांवर आधारलेल्या दृश्यकादंबऱ्यांसाठी ‘रेनपाय’ उपयुक्त आहे. ‘बिट्सी’मध्ये ८ × ८ बिंदूंची लहान चित्रे रेखाटून फिरण्याचे छोटे खेळ करता येतात. हलत्या चित्रांच्या खेळांसाठी एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये खुली केलेली ‘स्क्रॅच’ ही ठोकळे जोडण्याची भाषा प्रचलित आहे. उड्या मारणे, नेम धरणे अशा वेगवान क्रियांच्या खेळांसाठी ट्वाइन सोयीचे नाही.

मराठी लेखनासाठी उपयोग

ट्वाइनमध्ये युनिकोड देवनागरी मजकूर लिहिता येतो. पॅसेजची नावे व दुवेही मराठीत देता येतात. टंकित आज्ञांच्या खेळात मात्र संगणकाला खेळाडूच्या भाषेचे व्याकरण ओळखावे लागते. ‘पेटी उघड’, ‘पेटीतून किल्ली काढ’, ‘किल्लीने दार उघड’ अशा वाक्यांत नामाला प्रत्यय लागून त्याचे रूप बदलते. ही सर्व रूपे ओळखण्याची व्यवस्था आधी उभारावी लागते. दुव्यांवर चालणाऱ्या ट्वाइनमध्ये ही अडचण उद्भवत नाही. तथापि, कथास्वरूपांतील आज्ञांचे शब्द इंग्रजीच आहेत.

जतन व मर्यादा

ट्वाइन ब्राउझरमध्ये वापरल्यास कथा कोणत्याही सर्व्हरवर नव्हे, तर त्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते. ब्राउझरचा साठा पुसल्यास ती नष्ट होते, तसेच दुसऱ्या संगणकावर ती आपोआप दिसत नाही. सफारी ब्राउझर तर काही दिवस न वापरलेल्या संकेतस्थळाचा असा साठा स्वतःहून काढून टाकतो. शाळा किंवा ग्रंथालयातील सामाईक संगणकावर काम करणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर कथांची संग्रह-फाइल उतरवून ठेवणे किंवा संगणकावर फाइली जतन करणारी स्वतंत्र आवृत्ती वापरणे आवश्यक ठरते. पॅसेजची संख्या वाढल्यावर नकाशा गुंतागुंतीचा होणे, ही आणखी एक मर्यादा आहे.

उल्लेखनीय कृती

* हाउलिंग डॉग्ज (२०१२) – पॉर्पेंटाइन यांची परस्परसंवादी कथा.
* डिप्रेशन क्वेस्ट (२०१३) – झोई क्विन व सहकारी यांचा नैराश्याच्या अनुभवावरील खेळ. नायकाला अशक्य झालेले पर्याय त्यात खोडलेल्या अक्षरांत दिसतात.
* क्वीअर्स इन लव्ह अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड (२०१३) – अ‍ॅना अँथ्रोपी यांचा अवघ्या १० सेकंदांचा खेळ.
* ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच (२०१८) – नेटफ्लिक्सवरील या परस्परसंवादी चित्रपटाच्या कथेची मांडणी करताना लेखक चार्ली ब्रूकर यांनी ट्वाइनचा उपयोग केला.