सहा नंबरची गाडी

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक रेल्वे सुरू झाली आणि तीनच दिवसांत बंद पडली. कारण काय, तर धूळ!

रेल्वे नातवाची. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या गाड्यांना वीज रुळांतून, चाकांवाटे मिळते. रुळावर धूळ बसली की गाडी अडखळते. आमचं घर रस्त्यालगत, मग धुळीला काय तोटा! मी म्हटलं, साफ करायची गाडी विकत आणू. तो म्हणाला, "आजोबा, मीच करतो."

जळक्या इंजिनाचा सांगाडा, तुटक्या खेळण्यातल्या मोटारीचा टप, पोटाखाली खोडरबराचा तुकडा आणि तो रुळावर दाबून धरायला बॉलपेनातली स्प्रिंग. पहिल्या फेरीत स्प्रिंगने इतका जोर केला की चाकंच रुळावरून उचलली गेली. मग तिचे दोन वेढे कापले, वर वजनाला चार नट ठेवले. चांगलं इंजिन मागून ढकलू लागलं आणि रूळ चकाकले.

ते पाहताना मला अमेरिकेतल्या अशाच एका गाडीची आठवण झाली. ती मात्र खेळातली नव्हती.

कोलोरॅडोच्या डोंगरांत रिओ ग्रांडे सदर्न नावाची रेल्वे होती. ऑटो मिअर्स यांनी ती १८९०-९१ मध्ये बांधली. लांबी सुमारे २६० किलोमीटर, रूळ तीन फुटी. (आपल्या माथेरानचा दोन फुटी.) सगळी भिस्त चांदीच्या खाणींवर. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि रेल्वेचं दिवाळं निघालं. पुढची जवळजवळ साठ वर्षं तिने रडतखडत काढली.

१९३० च्या मंदीत तर वाफेचं इंजिन चालवणं परवडेना. पण टपालाचं कंत्राट टिकवायचं तर गाडी चालायलाच हवी! तेव्हा रिजवेच्या कारखान्यातले मुख्य मिस्त्री जॅक ओडेनबॉ यांनी १९३१ मध्ये एक जुनी ब्युइक मोटार घेतली, तिला रेल्वेची चाकं बसवली आणि मागे सामानाची जागा केली. अशा एकंदर सात गाड्या झाल्या. काहींना पिअर्स-ॲरो मोटारींचे टप होते. वाकड्यातिकड्या रुळांवरून त्या डुलत डुलत जात, म्हणून लोकांनी नाव ठेवलं 'गॅलपिंग गूज', म्हणजे दौडणारी हंसीण.

यातली सहावी, १९३४ ची, माझी लाडकी. तिच्यात प्रवासी नव्हते. रुळांची देखभाल करणारी माणसं आणि त्यांचं सामान नेण्यासाठीच ती केली होती. पुढे मोटारीचं तोंड, मागे उघडा हौदा. दिसायला अगदीच सामान्य. पण बाकीच्या हंसिणी डुलत का होईना धावल्या, त्यात हिचाही वाटा होता.

१९५० मध्ये टपालाचं कंत्राट गेलं. दोन वर्षं पर्यटकांवर निभावलं आणि १९५२ मध्ये मार्ग कायमचा बंद झाला. रूळ उखडायच्या कामालाही हीच सहा नंबर जुंपली. ज्या रुळांची तिने सेवा केली, तेच रूळ काढायला ती उभी राहिली. हे प्रथम वाचलं तेव्हा मला गलबलून आलं होतं.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. रेल्वे म्हटली की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, एवढं फळ्यावर लिहून मी पुढच्या धड्याकडे वळायचो. दुसऱ्या दिवशी गाडी कोणी चालती ठेवली, हातोडा घेऊन रुळाकाठी कोण हिंडलं, हे ना मी सांगितलं, ना कोणा मुलाने विचारलं. परीक्षेला ते येत नव्हतं ना!

असो. ही गोष्ट मी नातवाला सांगितली. शेवट ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "आता कुठे आहे ती?" म्हटलं, कोलोरॅडोतल्याच गोल्डन गावच्या रेल्वे संग्रहालयात, जपून ठेवली आहे. त्याचा चेहरा खुलला. व्हाइटनरची बाटली आणून त्याने आपल्या गाडीच्या दारावर ६ हा आकडा काढला.

आता दर रविवारी आधी सहा नंबर फिरते, मगच बाकीच्या गाड्या सुटतात.