वर्धा जिल्ह्यातील कुष्ठसेवा : दत्तपूर ते घराची ओसरी

वर्धा शहराजवळच्या दत्तपूर येथे १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांसाठी वसाहत सुरू केली. त्या काळी देशातील कुष्ठसेवा बहुतांशी ख्रिस्ती मिशनांच्या हाती होती. एखाद्या भारतीय कार्यकर्त्याने सगळे आयुष्य या कामाला वाहून घ्यावे, ही गोष्ट तेव्हा फार विरळा होती. दत्तपूरनंतरच्या काळात वर्धा जिल्ह्यात या रोगाबाबतचे विचार आणि व्यवहार दोन्ही टप्प्याटप्प्याने बदलले. आधी रुग्णाला आसरा मिळाला, मग काम मिळाले, आणि अखेर आपल्याच घरी राहून बरे होण्याची सोय झाली. या तिसऱ्या टप्प्याचे मोल सर्वांत मोठे आहे, कारण आसरा कितीही मायेचा असला तरी तो घराची जागा भरून काढत नाही.

जुन्या काळी कुष्ठरोगाचे निदान म्हणजे माणसाचे जिवंतपणी घरातून उठणे असे. कोणाची व्यवस्था गोठ्यात होई, कोणाची शेतातल्या झोपडीत. ताटवाटी वेगळी, पाणी वरून ओतायचे, अंथरूण कोणी शिवायचे नाही. भावंडांची लग्ने अडतील या धास्तीने घरचे लोक रोग लपवून ठेवत, आणि लपवता येईनासा झाला की रोग्याला दूरच्या तीर्थक्षेत्री सोडून येत. देवळांच्या पायऱ्यांवर आणि घाटांवर भीक मागणाऱ्यांत अशी घरे तुटलेली माणसे पुष्कळ असत. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत त्यावर शिक्कामोर्तब करी. त्यामुळे रोग्याला टाकून देणाऱ्यांच्या मनाला टोचणीही लागत नसे.

कायदाही याच बाजूचा होता. १८९८ च्या कुष्ठरोगीविषयक कायद्याने पोलिसांना निराधार रुग्णांना पकडून आश्रयगृहात पाठवण्याचा अधिकार दिला. खाण्याचे पदार्थ विकणे, सार्वजनिक विहिरीवर वा तलावावर आंघोळ करणे, भाड्याच्या गाडीतून जाणे, अशा गोष्टींवर अधिसूचनेने बंदी घालता येत असे. हा कायदा झाला तेव्हा नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढल्याला पंचवीस वर्षे होऊन गेली होती. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते. बोटे झडतात ती जंतूंनी खाल्ल्यामुळे नव्हे. मज्जातंतू बधिर झाल्यावर चटका बसलेला कळत नाही, काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळत राहते, आणि हळूहळू हातपाय विद्रूप होतात. लोकांची भीती या विद्रूपतेची होती. प्रत्यक्षात विद्रूपता आलेल्या अनेक जुन्या रुग्णांपासून संसर्गाचा धोका उरलेलाही नसतो.

कुष्ठसेवेचे काम वर्ध्यातच का रुजले, याचे उत्तर त्याआधीच्या पंधरा वर्षांत सापडते. विनोबा भावे १९२१ साली वर्ध्याला आले आणि जमनालाल बजाज यांच्या आधाराने तेथे आश्रम उभा राहिला. जुलै १९२८ मध्ये बजाज कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी खुले झाले. त्यापायी जमनालालजींना स्वतःच्या समाजाचा रोष पत्करावा लागला. १९३२ च्या अखेरीस विनोबांनी शहर सोडून मुख्यतः हरिजन वस्तीच्या नालवाडीत मुक्काम हलवला. तेथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. मेलेल्या गुराचे कातडे सोलणे, ते कमावणे ही ज्यांच्यावर शतकानुशतके लादलेली कामे होती, ती उच्चवर्णीय कार्यकर्ते स्वतःच्या हातांनी शिकत होते. शिवाशिवीची भीती हातांनीच मोडायची, हा धडा या मंडळींनी आधीच गिरवलेला होता. कुष्ठरुग्णाकडे वळताना तोच उपयोगी पडला.

मनोहर दिवाण हे नालवाडीच्या याच मंडळींतले. खेड्यांतून सफाई, सूतकताई आणि ग्रामसेवा करताना कार्यकर्त्यांच्या नजरेस कुष्ठरुग्ण वारंवार पडत. त्यांच्या परिचयातल्या एका कुष्ठरुग्ण स्त्रीची अखेरच्या दिवसांत शुश्रूषा केल्यावर दिवाणांच्या मनात पूर्णवेळ याच सेवेत उतरण्याचा विचार पक्का झाला, असे विनोबांनी पुढे सांगितले आहे. विनोबांनी या निश्चयाला मनापासून पाठबळ दिले. दिवाणांनी उपचार शिकून घेतले आणि दत्तपूरला रुग्णांच्या सोबतीने राहायला सुरुवात केली. लांबून येऊन पाहून जाणारा उपकारकर्ता आणि शेजारी राहणारा सोबती यांत जो फरक असतो, तो रुग्णांना सर्वांत आधी कळतो.

दत्तपूरच्या दिनक्रमात औषधापेक्षा कामाला जास्त जागा होती. त्याला कारणही होते. त्या काळातला मुख्य उपाय म्हणजे चालमोगरा तेलाची वेदनादायक इंजेक्शने, आणि त्यांचा गुण बेभरवशाचा. मलमपट्टी, स्वच्छता, पोटभर अन्न आणि झेपेल तेवढे श्रम यांवरच माणूस उभा राहायचा. रुग्ण शेती करत, गाई सांभाळत, सूत काढत, विणत. बोटे वाकलेल्या हाताला जे अवजार धरता येईल ते काम त्या हाताला. दान घेऊन जगणाऱ्याला स्वतः पिकवलेल्या ज्वारीची भाकरी खायला मिळणे, ही गोष्ट वरवर साधी वाटते. परंतु समाजाने ज्यांना केवळ भीक मागण्यापुरते शिल्लक ठेवले होते, त्यांना आपल्या कष्टाचे खाण्याचा मान त्या भाकरीने परत दिला.

दत्तपूरपासून काही मैलांवर, सेवाग्राम आश्रमात, १९३९ साली एक वेगळा प्रसंग घडला. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान आणि स्वातंत्र्य चळवळीत कारावास भोगलेले सत्याग्रही. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी आणि ते दोघेही होते, पण कुष्ठरोगामुळे शास्त्रीजींना वेगळे ठेवलेले होते. भेटीची परवानगी मिळाली नाही, म्हणून दोघांचा पत्रव्यवहार चालला. पुढे रोग वाढला, हाता-पायांवर व्रण झाले, आणि आसरा देणारे कोणी उरले नाही तेव्हा शास्त्रीजी सेवाग्रामला आले. गांधीजींपुढे पेच होता. आश्रमात मुले होती, स्त्रिया होत्या, पाहुण्यांची ये-जा होती. संसर्गाची शंका खरी होती आणि ती उडवून लावणे अन्यायाचे झाले असते. त्यांनी हा विषय आश्रमवासीयांपुढे ठेवला आणि संमती मिळाल्यावर शास्त्रीजींसाठी स्वतःच्या कुटीजवळच झोपडी उभारून घेतली. परचुरे कुटी या नावाने ती आजही सेवाग्रामला पाहायला मिळते.

गांधीजी स्वतः शास्त्रीजींच्या अंगाला तेल लावून मालिश करत, जखमांची चौकशी करत, काय खावे हे ठरवून देत. या सेवेचे एक छायाचित्र पुढे पुष्कळ ठिकाणी छापले गेले. पण त्या चित्रात शास्त्रीजी केवळ सेवा घेणारे दिसतात, आणि ती अर्धीच हकीकत आहे. आश्रमात ते संस्कृत शिकवत, शास्त्रार्थ सांगत, आणि आश्रमातल्या विवाहप्रसंगी पौरोहित्यही त्यांनी केले. मंगलकार्यात ज्याची सावलीही नको मानत, अशा माणसाला वधूवरांनी आपला पुरोहित मानावे, यात त्या मालिशीपेक्षा तसूभरही कमी अर्थ नाही. रोगी म्हणून त्यांची काळजी घेतली गेली आणि विद्वान म्हणून त्यांना विचारले गेले. या दोन्ही गोष्टी एकाच कुटीत नांदल्या. शास्त्रीजींचा अखेरचा काळ दत्तपूरला गेला, आणि १९४५ साली त्यांचे निधन झाले.

रचनात्मक कार्यक्रमावरची गांधीजींची पुस्तिका १९४१ साली निघाली. तिच्या १९४५ च्या सुधारित आवृत्तीत कुष्ठसेवेचा समावेश झाला, आणि तेथे मनोहर दिवाण यांच्या वर्ध्याजवळच्या कामाचा नावानिशी उल्लेख आहे. खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यतानिवारण यांच्या पंक्तीला कुष्ठसेवा येऊन बसली, याचा परिणाम मोठा झाला. राष्ट्रीय चळवळीतल्या तरुणांना हे आपल्याच कामाचे अंग आहे असे वाटू लागले. ऑक्टोबर १९४७ मध्ये कुष्ठसेवकांची अखिल भारतीय परिषद वर्ध्यालाच भरली. तिच्यामागे टी. एन. जगदीशन यांचे परिश्रम होते. ते स्वतः या रोगातून गेलेले. ज्याने भोगले त्यानेच पुढाकार घेतला, ही त्या परिषदेची विशेष गोष्ट म्हटली पाहिजे.

विदर्भात या कामाच्या शाखा लवकरच पसरल्या. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, यांनी दत्तपूरचे काम जवळून पाहिले, तेथे धडे घेतले आणि नंतर कलकत्त्याला जाऊन शिक्षण घेतले. १९४९ साली त्यांनी वरोऱ्याची महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली आनंदवन सुरू झाले. आनंदवनाची कीर्ती पुढे जगभर गेली. दत्तपूरचे नाव मात्र मागे राहिले, हे खटकण्याजोगे आहे.

१९५१ साली गांधी स्मारक निधीने वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन केले आणि तेथून कामाची दिशाच पालटली. डॅप्सोन हे पोटात घ्यायचे स्वस्त औषध आता हाती होते. रुग्णाला वसाहतीत आणून ठेवण्याऐवजी औषध त्याच्या गावी नेता येणार होते. प्रतिष्ठानने सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तीन अंगांची पद्धत राबवली. कार्यकर्ता दारोदार जाऊन प्रत्येकाची त्वचा तपासायचा. फिकट चट्टा दिसला की तेथे स्पर्श कळतो की नाही हे पाहायचा. मग घरातल्या सगळ्यांना बसवून सांगायचा की हा रोग बरा होतो, याला घराबाहेर काढण्याचे कारण नाही, ताट वेगळे करण्याचेही नाही. ठरलेल्या दिवशी गावातच गोळ्या मिळत.

या पद्धतीचा पाया वैद्यकीय होता, तरी तिचा खरा आघात रूढीवर झाला. वसाहतीकडे जाणारा प्रत्येक रुग्ण गावाच्या दृष्टीने वजा होत असे. घरी औषध घेणारा रुग्ण शेतावर जात होता, पारावर बसत होता आणि तरीही त्याच्यापासून कोणाला काही होत नव्हते. हे शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले, आणि हजार व्याख्यानांनी जे साधले नसते ते त्याने साधले. चट्ट्याच्या अवस्थेतच रोग पकडला गेल्याने विद्रूपता टळू लागली, आणि विद्रूपता टळली की भीतीचे मूळच सुटते. केंद्र सरकारने १९५५ च्या सुमारास राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला तेव्हा याच पद्धतीचा अंगीकार केला.

डॅप्सोन मात्र वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर घ्यावे लागे. अनेकांचा धीर सुटे. पुढे जंतू या एकट्या औषधाला दाद देईनासे झाले. तेव्हा रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याचा बहुविध औषधोपचार आला. तो जिल्हाभर राबवून पाहण्यासाठी १९८० च्या दशकाच्या आरंभी देशात जे पहिले जिल्हे निवडले गेले, त्यांत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियासोबत वर्धा होता. तीन दशकांचे सर्वेक्षण, गावोगावचा परिचय आणि लोकांचा विश्वास येथे आधीच तयार होता. आज हा उपचार रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत पुरा होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो.

औषधाने बरे झालेल्या सर्वांनाच गाव परत मिळाले नाही. दत्तपूरसारख्या वसाहतींत अनेकजण जंतुमुक्त होऊनही राहिले, कारण घरी जमीन भावांनी वाटून घेतली होती, नाव पुसले गेले होते, किंवा नातवंडांच्या सोयरिकीत अडथळा नको म्हणून त्यांनी स्वतःच परतणे टाळले. बधिर झालेले पाय औषधाने पूर्ववत होत नाहीत. रोज पाण्यात भिजवणे, तेल लावणे, तळवे निरखून पाहणे आणि मऊ रबराच्या खास चपला वापरणे एवढी निगा आयुष्यभर लागते. जंतू मेला म्हणून रुग्णाचे नाव यादीतून काढणाऱ्या व्यवस्थेने या निगेकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हा निकष डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर गाठल्याचे भारत सरकारने जाहीर केले. कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले आणि ताप-खोकल्याच्या रुग्णांच्याच रांगेत कुष्ठरुग्ण उभा राहू लागला. वेगळी रांग गेली ही चांगली गोष्ट झाली. तथापि चट्टा ओळखणारी जाणती नजरही त्यासोबत कमी झाली, आणि नवे रुग्ण सापडणे आजही थांबलेले नाही. कायद्याला बदलायला याहून जास्त वेळ लागला. १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींना संरक्षणाच्या कक्षेत घेतले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद हिंदू विवाह कायद्यातून आणि इतर व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ साली काढून टाकण्यात आली. सेवाग्रामच्या आश्रमात एका कुष्ठरुग्ण शास्त्र्याने लग्न लावल्यानंतर हा बदल कायद्याच्या पुस्तकात यायला सात दशकांहून अधिक काळ गेला.